एकमेकांवर प्रीती करा: मंडळीत ही आज्ञा रोजच्या कामात कशी उतरवायची?

मोहरीचा_दाणा

सर्वांना सलाम.

योहान १३:३४-३५ वर उपदेश वर्षातून एकदा तरी ऐकायला मिळतोच. त्या अध्यायाचा क्रम मात्र नीट पाहावा. येशू आधी शिष्यांचे पाय धुतो. मग त्याला धरून देणारा शिष्य यहूदा भाकरीचा तुकडा घेऊन रात्रीच्या अंधारात निघून जातो. त्यानंतर ही आज्ञा येते, आणि तिच्या पाठोपाठ पेत्राला सांगितलं जातं की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. म्हणजे ज्यांना ही आज्ञा दिली, त्यांच्यातला एक उठून गेला होता आणि दुसरा डगमगणार होता. एकदिलाच्या माणसांसाठीच ती आहे, असं कुणी म्हणू नये.

दुसरं म्हणजे, तुम्ही माझे शिष्य आहात हे यावरून सर्व लोक ओळखतील, असं प्रभू त्याच वचनात म्हणतो. जे ओळखायचं ते दिसायला हवं. म्हणून हा धागा फक्त कामाबद्दल ठेवू या. आजाऱ्याची भेट, दुःखाचं घर, मदतनिधी, मंडळीतली भांडणं: कोणी, केव्हा, किती, आणि कुठे बिघडतं. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

जैतून

सुरुवात यादीपासून करा. ऐकायला कोरडं वाटेल, पण प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये हेच घडलं. यरुशलेमेत रोजचं अन्नवाटप चालू होतं, तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. मुद्दाम कुणी वगळत होतं असं त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही. संख्या वाढली आणि माणसं नजरेतून निसटली. आजही बहुतेक मंडळ्यांत असंच होतं.

मंडळीची घरं भागांत वाटा. एका भागात ८ ते १० घरं, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक भागाला दोन माणसं, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, आणि ती त्याच परिसरात राहणारी असावीत. वहीत प्रत्येक घरासाठी एक पान: घरातली माणसं, फोन, एकटं कोण राहतं, कायमचं औषध कुणाला चालू आहे, रात्री-अपरात्री गाडी लागली तर जवळ कुणाकडे आहे, शेवटची भेट कधी झाली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो.

गैरहजेरीचा नियम ठरवून टाका. सलग दोन रविवार माणूस दिसलं नाही तर सोमवारी फोन, तिसऱ्या आठवड्यात घरी भेट. फोनवर "का आला नाहीत?" असं विचारू नका, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. "बरं आहे ना घरी?" एवढं पुरे.

ही वही पाळकसाहेब आणि त्या भागाची दोन माणसं, एवढ्यांनीच पाहावी. तिचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नयेत.

---

पायवाट

जैतून, मला हे खटकतं. भेटीची तारीख रकान्यात लिहायची म्हणजे प्रीतीची कारकुनी झाली. रकाना भरण्यासाठी आलेला माणूस घरच्यांना लगेच कळतो. चहा होतो, प्रार्थना होते, आणि निघताना दोन्हीकडे सुटल्यासारखं वाटतं. रोम १२:९ मध्ये प्रीती निष्कपट असावी असं पौल म्हणतो, आणि ठरवून दिलेल्या भेटीत निष्कपटपणा टिकवणं कठीण आहे.

---

जैतून

आक्षेप खरा आहे, पण वही नसते तेव्हा काय होतं तेही पाहा. उत्स्फूर्त भेटी बोलक्या, ओळखीच्या, चर्चजवळ राहणाऱ्या घरांकडे वळतात. वस्तीच्या टोकाला राहणारी, कमी बोलणारी म्हातारी कुणाच्याही उत्स्फूर्ततेत बसत नाही. तिच्यासाठीच वही लागते.

पहिल्या मंडळीलाही ती लागली होती. १ तीमथ्य ५ मध्ये विधवांच्या यादीचा स्पष्ट उल्लेख आहे. वय किमान ६०, आणि ज्यांना मुलं-नातवंडं आहेत त्यांचा भार आधी घरच्यांनी उचलावा, म्हणजे खरोखर एकट्या असणाऱ्यांना मंडळीची मदत पुरेल. सन २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस याने लिहिलेल्या पत्राचा भाग इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. त्यात रोमच्या मंडळीतल्या सेवकांची मोजदाद आहे, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या १५०० हून अधिक विधवा आणि गरजवंतांचीही. त्याच सुमारास रोमन सम्राट डेसियसच्या हुकमाने मंडळीचा छळ झाला होता. तशा काळातही हिशेब ठेवल्याशिवाय इतक्या माणसांच्या तोंडी घास पोचला नसता.

भेट खरी की उरकलेली हे वहीवर ठरत नाही. तिथे गेल्यावर आपण ऐकतो की बोलत सुटतो, यावर ठरतं.

---

निळी_ओढणी

आजाऱ्याच्या भेटीबद्दल लिहिते. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात.

दोघांनीच जावं. पाच-सहा जणांचा घोळका हॉस्पिटलमध्ये नको. वेळ १० ते १५ मिनिटं. जेवणाची, आंघोळीची आणि डॉक्टरांच्या राउंडची वेळ टाळावी, म्हणून आधी घरच्यांना फोन करावा. पलंगावर बसू नये. हात धुऊन जावं, स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. आयसीयूत किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाकडे फुलं-फळं नेण्याआधी विचारावं, बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. मधुमेह असलेल्याला बिस्किटांचे पुडे नेणारे अजून आहेत.

प्रार्थनेआधी "प्रार्थना करू का?" असं विचारावं. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ नये. स्तोत्र २३ किंवा १२१ पुरे, आणि नंतर तीन-चार वाक्यांची प्रार्थना. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नये. "प्रभू, याची कोणती चूक असेल तर दाखव" असली वाक्यं माणसाला आतून मोडतात. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस बरोबर वागून दाखवलं, ते जमिनीवर गप्प बसून राहिले. बिघडलं ते बोलू लागल्यावर. योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे? येशू तो प्रश्नच नाकारतो.

औषध बंद करा, विश्वास ठेवा, असा सल्ला कुणी देत असेल तर त्याला भेटींच्या कामातून लगेच थांबवा. इन्सुलिन, फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर जीव जाऊ शकतो.

खरी गरज बहुधा भेटीच्या पलीकडची असते. रात्री ९ ते सकाळी ६ रुग्णाजवळ बसायला माणूस हवं असतं, म्हणजे मुलाला किंवा सुनेला एक रात्र झोप मिळते. महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून चार रात्रींच्या पाळ्या वाटून घ्या. बसणाऱ्याजवळ हॉस्पिटलचा पास, घरच्यांचे दोन फोन नंबर, डॉक्टरांचं नाव आणि चालू औषधांची चिठ्ठी असू द्या.

---

वसईची_वाट

कॅथलिक बाजूने थोडी भर घालतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. गरजू घराला सभासदांनी स्वतः भेट द्यायची आणि तीही जोडीने, हीच तिची मुळातली रीत आहे. मनीऑर्डर पाठवून काम भागत नाही. जोडीने जाण्यामागे कारणं आहेत: एकाच्या आवडीनिवडीवर मदत ठरत नाही, पैशाबद्दल संशय राहत नाही, आणि एकट्या स्त्रीच्या घरी गेल्यावर दोन्ही बाजूंची अब्रू सांभाळली जाते.

आणखी एक जुना धागा. सन १५५ च्या सुमारास ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिन रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो. वाचन, उपदेश, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो वाटा घेऊन जात. पुढच्याच ओळींत तो सांगतो की ऐच्छिक वर्गणी प्रमुखाकडे जमा होते आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते. म्हणजे मेज आणि मदत हे एकाच उपासनेचे भाग होते. आमच्याकडे रविवारी मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की अंथरुणाला खिळलेल्यांकडे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ती पवित्र भाकर, नेला जातो. त्याच फेरीत त्या घराला काय कमी आहे ते पाहून यावं.

---

रांजण

दुःखाचं घर.

बातमी आल्यावर पहिल्या तासात तीन माणसं ठरवा, आणि घरच्यांना कशासाठीही दहा फोन करायला लावू नका. पहिला माणूस कागद पाहतो. मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं कारणाचं प्रमाणपत्र, मग महापालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंद. नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विनाशुल्क होते, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्यांचा त्रास सुरू होतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे लागतात. दुसरा माणूस कब्रस्तानाची जागा, शवपेटी, गाडी आणि पाळकसाहेबांची वेळ पाहतो. तिसरी व्यक्ती फक्त स्वयंपाकघर सांभाळते.

अंदाज ४० माणसांचा धरा. तांदूळ ४ किलो, तूरडाळ दीड किलो, बटाट्याचा रस्सा करायचा तर बटाटे ४ किलो. भाकरी एकाच चुलीवर करू नका, आठ घरांना दहा-दहा वाटून द्या. एका वेळच्या चहाला दूध अडीच लिटर, पाणी २ लिटर, साखर अर्धा किलो, चहा पावडर १०० ग्रॅम. बिनसाखरेचा वेगळ्या किटलीत. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावा, आणि भांडी परत नेणारं माणूसही आधीच ठरवा. नाहीतर दुःखातल्या बाईला आठवडाभर लोकांची पातेली ओळखत बसावं लागतं.

पहिले तीन दिवस दोन्ही वेळचं जेवण मंडळीकडून. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत एका वेळचं, आणि तेही विचारून. काहींना स्वतःची चूल पेटवायची असते, त्यातून त्यांना सावरायला बळ येतं. तिथे आग्रह करू नये.

बोलण्याबद्दल एवढंच. "देवाची इच्छा", "देवाला तो जास्त आवडला" ही वाक्यं लहान मूल किंवा तरुण माणूस गेलेल्या घरात अजिबात नकोत. मेलेला मित्र लाजर पुन्हा उठणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे निघताना रडला. रोम १२:१५ नेही रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितलं आहे.

---

हिशेबनीस

मदतनिधीचं सांगतो. पैशाच्या कामात प्रीती शाबूत ठेवायची तर हिशेब उघडा आणि घेणाऱ्याचं नाव झाकलेलं हवं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. वार्षिक सभेत "अमक्या बाईंना शस्त्रक्रियेसाठी ५०००" असं वाचून दाखवतात, आणि निधीत एकूण शिल्लक किती हे कुणालाच ठाऊक नसतं.

निधीचं बँक खातं वेगळं असावं, बांधकामाच्या किंवा नाताळच्या पैशात मिसळू नये. सही दोघांची. निर्णयाला तीन माणसं, त्यात किमान एक स्त्री. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत होय किंवा नाही कळवायचं. औषधाची गरज पुढच्या मासिक सभेपर्यंत थांबत नाही. म्हणून ठराविक रकमेपर्यंत, समजा २००० पर्यंत, दोघांनी लगेच द्यायची मुभा ठेवा. नोंदीत प्रकरण क्रमांक, कारण, रक्कम. क्रमांकापुढचं नाव वेगळ्या बंद वहीत. आपल्याकडे बहुतेक चर्चची मालमत्ता सार्वजनिक न्यासाकडे असते आणि धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण द्यावं लागतं. त्यासाठी पावत्या जपाव्याच लागतात, पण तिथेही नावांची जाहिरात करायची गरज नसते.

पौल स्वतः यात किती जपून वागला ते २ करिंथ ८ मध्ये आहे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी मोठी रक्कम जमत होती. ती न्यायला तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेल्या दुसऱ्या भावाला पाठवतो, वर आणखी एकाला, आणि कारणही लिहितो: या रकमेबाबत कुणी दोष देऊ नये. प्रेषितालाही आपल्या शब्दावर विश्वास ठेवा एवढं म्हणणं पुरेसं वाटलं नाही.

आणि देताना फोटो काढू नका. धान्याची पिशवी हातात देताना पाच जणांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं ही पद्धत गुप्तपणे दान करायला सांगणाऱ्या मत्तय ६ च्या सरळ विरुद्ध आहे.

---

मोहरीचा_दाणा

हिशेबनीस, मंडळीतल्या मंडळीत उसने पैसे देण्याबद्दल? वाद बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

---

हिशेबनीस

देणं आणि उसनं देणं यांची सरमिसळ करू नये. एखाद्या भावाला ३००० हवेत आणि ते परत आले नाहीत तरी तुमचं घर चालणार असेल तर दान म्हणून द्या, तसं तोंडाने सांगा आणि विषय संपवा. परत हवेच असतील तर रक्कम, तारीख आणि हप्ता कागदावर लिहा, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. "आपल्यात कागद कशाला?" या वाक्याने जितकी घरं तुटली तितकी शिवीगाळीनेही तुटली नसतील. घेणारा परत करू शकला नाही की शरमेने चर्चला येणं बंद करतो. पैसे जातात, माणूसही जातो. पाळकांनी कुणालाही वैयक्तिक उसने देऊ नयेत आणि घेऊही नयेत. गरज असेल तर निधीकडे पाठवावं.

---

उंबरठा

भांडणं आणि समेट. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे. तिथे बारकावा असा, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं तर तू जा. मत्तय १८:१५ मध्ये भावाने तुझा अपराध केला असेल तरीही तूच जा. दोन्हीकडून पहिलं पाऊल आपलंच. तो आधी येऊ दे, असं म्हणायला जागा उरत नाही.

प्रभुभोजनाचा, म्हणजे मेजाशी भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार असेल तर शनिवारी रात्री जाऊ नये. त्या वेळी घाई असते, समेट म्हणजे उपासनेपूर्वीची औपचारिकता होऊन बसते. बुधवार-गुरुवार बरा, म्हणजे समोरच्याला विचार करायला दोन दिवस राहतात. प्रत्यक्ष जावं. मेसेजवर माफी मागू नये. तिचा स्क्रीनशॉट फिरतो, आणि लिहिलेल्या वाक्यात सूर कळत नाही. काय चुकलं ते नेमकं एका वाक्यात सांगावं: "सभेत सगळ्यांसमोर मी तुम्हांला खोटं ठरवलं, ते चुकलं." त्यानंतर "पण" नको. "पण तुम्हीसुद्धा" म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं.

समोरच्याने ऐकलं नाही तर एक-दोन माणसं बरोबर घ्यायची, हा मत्तय १८ चा दुसरा टप्पा. ती माणसं तुमच्या गटातली नकोत, त्यांचा मान दोन्ही घरांत असावा. तिसरा टप्पा मंडळीपुढे नेण्याचा. प्रत्यक्षात लोक दुसरा टप्पा गाळतात, नाहीतर पहिल्याच्या आधी तिसरा उरकतात: घरसभेत "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी असं असं चाललंय". प्रार्थनेच्या विनंतीचं रूप घेतलेली ती चहाडीच आहे.

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे या शिकवणीच्या पुस्तकात नियम आहे, की ज्यांचा आपसात तंटा आहे त्यांनी समेट होईपर्यंत एकत्र भाकर मोडायला येऊ नये. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही वैर धरणाऱ्यांना मेजापासून थांबवण्याची सूचना पाळकांना दिलेली आहे. हा अधिकार जपून वापरावा. दोघांपैकी एक समेटाला मनापासून तयार असेल आणि दुसरा अडून बसला असेल, तर तयार असणाऱ्याला मेजाशी येऊ द्यावं असं तेच पुस्तक सांगतं.

जमिनीचा किंवा वारसाचा वाद असेल तर मंडळीच्या निवडलेल्या पंचांनी मालकी ठरवायला बसू नये. कागद वकिलांकडे द्यावेत. पंचांचं काम एवढंच, की खटला चालू असतानाही दोन भावांच्या बायका-मुलांचं बोलणं बंद पडू नये.

---

निळी_ओढणी

उंबरठा यांच्याशी सहमत. एक गोष्ट ठळक लिहायला हवी: मारहाण आणि लैंगिक अत्याचार ही समेटाची प्रकरणं नाहीत.

नवरा मारतो म्हणून आलेल्या बहिणीला "प्रीती सर्व काही सहन करते" असं सांगून परत पाठवणं म्हणजे १ करिंथ १३ चा दुरुपयोग. त्याच अध्यायात, त्याच्या एकच ओळ आधी, प्रीती अन्यायात आनंद मानत नाही असं लिहिलं आहे. तिला आधी सुरक्षित जागा, मग वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. नवरा-बायकोला एकाच खोलीत समोरासमोर बसवून पंचांनी चौकशी करू नये. ती तिथे खरं बोलू शकत नाही, आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते.

मुलाबाबत लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही फोन करता येतो. मंडळीचं नाव जाईल म्हणून गप्प राहणारे कायद्याने दोषी ठरतात, आणि लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, हा मत्तय १८:६ मधला इशाराही त्यांनी वाचावा.

---

पायवाट

वहीबद्दलचा माझा आक्षेप बराचसा मागे घेतो, विशेषतः वस्तीच्या टोकाच्या घराबद्दल वाचल्यावर. एक कठीण विषय राहिला आहे, तो मांडतो.

करिंथच्या मंडळीत नेमकं काय बिघडलं होतं? १ करिंथ ११ नुसार लोक एकत्र जमत, पण जो तो आपलं जेवण आधी उरकी. एक उपाशी राही, दुसरा पिऊन तर्र. पौलाचा उपाय अगदी साधा आहे: जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. याकोब २ मध्ये सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तिथे उभा राहा".

आपल्या मंडळ्यांत हे आडनावावरून होतं. मूळ जात कोणती, घराणं कोणत्या मिशनचं, आजोबा शिक्षक होते की शेतमजूर, हे तीन-चार पिढ्यांनंतरही लग्न जमवताना आणि पंच निवडताना निघतं. शहरात त्यात भाषेची भर पडते. मराठी उपासनेला येणारं तेलुगू किंवा छत्तीसगढी कुटुंब मागच्या बाकावर बसतं आणि आशीर्वादानंतर निघून जातं. यावर काय करायचं?

---

जैतून

कृत्ये ६ चं उत्तर पाहा. तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांची होती आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. शेवटचा तर अंत्युखियाचा, यहूदी धर्मात आलेला परका. म्हणजे बहुधा ज्यांची माणसं सुटत होती, त्यांच्याच हाती वाटप दिलं गेलं. दया दाखवून थांबले नाहीत, अधिकार दिला.

तेच इथे करता येईल. मदतनिधीच्या तिघांत एक जण मागच्या बाकावरचा घ्या. भागांच्या जोड्या करताना एकाच आडनावाची दोन माणसं एकत्र टाकू नका. प्रीतिभोजनाला पंगती घरांप्रमाणे बसू देऊ नका, दारात चिठ्ठ्या द्या आणि वाढायला पंचांना उभं करा. चर्चच्या स्वयंपाकघरात चूल कोण सांभाळतं आणि भांडी कोण घासतं हे तीन महिने फक्त लिहून पाहा. त्या दोन यादींत नावं वेगवेगळी निघाली तर पाळ्या बदला.

---

कोरांटी

केडगावच्या मुक्ती मिशनचं उदाहरण इथे शोभेल. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून. जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, दुग्धशाळा, छापखाना असे उद्योग उभे केले आणि आलेल्या मुलीच पुढे तिथली कामं चालवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. वृद्ध आणि दुर्बल स्त्रियांच्या घराचं नाव प्रीती सदन.

गलती ६ मध्ये एकमेकांची ओझी वाहा आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा, ही दोन्ही वाक्यं तीन ओळींच्या अंतरात आहेत. रमाबाईंच्या कामात ती दोन्ही दिसतात. मंडळीच्या निधीतून शिलाई मशीन द्यायचं तर सोबत सहा महिने कपडे शिवून घेणारी १० घरंही ठरवून द्या. नुसतं मशीन दिलं तर वर्षभरात विकलं जातं, आणि मग त्या बाईलाच आळशी म्हटलं जातं.

---

मोहरीचा_दाणा

रांजण, एक शंका. दहाव्या दिवसानंतर दुःखाच्या घराचं काय करायचं?

---

रांजण

वहीत पुढच्या चार तारखा त्याच दिवशी लिहून ठेवा: चाळिसावा दिवस, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्ष. नाताळला त्या घरी करंज्या आणि शंकरपाळ्या करायच्या की नाही हे घरच्यांना विचारा. नको म्हणाले तर डबा पाठवा, पण लहान मुलं असतील तर सकाळी उपासनेला न्यायला कुणीतरी जा. विधवा बाईला पेन्शनच्या कार्यालयात पहिल्या वेळी एकटी पाठवू नका. दाखल्याची प्रत, पासबुक, आधार आणि दोन फोटो पिशवीत घालून तिच्या भागातली बाई सोबत जाऊ दे.

चाळिसाव्या दिवशी गर्दी करू नका, दोघीच जा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं.

---

वसईची_वाट

रांजण, त्यात २ नोव्हेंबरही लिहा. मृतांच्या स्मरणाच्या त्या दिवशी कबरीवर मेणबत्त्या लावायला ते घर एकटं जाऊ नये. आदल्या संध्याकाळी कबरीभोवतीचं गवत काढायला तरुण संघातली दोन मुलं पाठवा, सोबत विळा आणि पाण्याची बादली द्या. पावसाळ्यानंतर तिथे गुडघाभर वाढलेलं असतं.

---